सीएमएलची गोळी ‘लागू पडेना’? औषध बदलण्याआधी या चुका टाळा

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, बोलण्यातला ‘सीएमएल’, हा रक्ताचा कर्करोग खरा. पण आज रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करणारी माणसं या आजारात भरपूर आहेत. 2001 साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्रच पालटलं. म्हणूनच तीन-चार वर्षं ठणठणीत असलेल्या माणसाचा रिपोर्ट एकाएकी बिघडला की घरचे हबकतात. ‘अंगाला औषधाची सवय झाली’, ‘गोळीचा पॉवर संपला’ ही वाक्यं मी औषधाच्या काउंटरवर नेहमी ऐकतो. औषधाला दाद न देणारा सीएमएल असतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा गोळी पोटात नीट गेलेलीच नसते. आधी ते तपासावं, मग महागड्या औषधाकडे वळावं.

हप्त्यातून एखादी गोळी राहिली तर काय बिघडतं?

बिघडतं. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये एक अभ्यास छापला. बरीच वर्षं इमॅटिनिब घेणाऱ्या 87 रुग्णांच्या बाटल्यांना त्यांनी चिप बसवलेली झाकणं लावली. झाकण कधी उघडलं याची नोंद तीन महिने होत राहिली. ज्यांनी 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत चांगला प्रतिसाद मिळण्याची शक्यता 94.5 टक्के निघाली. बाकीच्यांत ती 28.4 टक्क्यांवर आली. 90 टक्के म्हणजे किती, तर महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या रेषेवर आलात.

कारण आजाराच्या मुळाशी आहे. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. बटण अडकल्यामुळे बंदच न होणाऱ्या मागासारखं ते चालत राहतं आणि पांढऱ्या पेशी वाढत जातात. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम थांबवतं. रक्तातलं औषध कमी पडलं की अर्धवट दबलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागतात. जितक्या जास्त पेशी वाढतील, तितकी त्यांत एखादी बिघडलेली, औषधाला न जुमानणारी पेशी निपजण्याची संधी जास्त.

गोळ्या चुकण्याची आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. पगार दहा तारखेला, स्ट्रिप संपते पाच तारखेला. आषाढीची वारी किंवा आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या औषधाची आठवण सगळ्यांत शेवटी. आणि उपास! सोमवार, गुरुवार, एकादशी, नवरात्र धरलं तर काही घरांत महिन्याचे सात-आठ दिवस सहज जातात. इमॅटिनिब खाऊन घ्यायचं असतं म्हणून ‘आज काही खाल्लं नाही, गोळी नको’ असं होतं. उपासाला भगर-आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी पोटात अन्न गेलंच की! त्यावर मोठा पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी. रमजानमध्ये इफ्तारीचं जेवण झाल्यावर घेता येते. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून मात्र घेऊ नये.

दुसरं कारण त्रासाचं. सकाळी डोळ्यांखाली सूज, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. माणूस लाजेकाजेखातर डॉक्टरांना सांगत नाही आणि गुपचूप एक दिवसाआड गोळी घेऊ लागतो. या प्रत्येक तक्रारीवर उपाय आहे, पण सांगितलं तर! इमॅटिनिबने कातडीचा रंगही फिकट होतो. बारशाला जमलेल्या मावश्या ‘काय गं, उजळलीस!’ म्हणतात तेव्हा ते गोळीचं काम असू शकतं.

पाकिटावरचे मिलिग्रॅम

इमॅटिनिब 100 आणि 400 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळतं. नेहमीची 400 ची स्ट्रिप संपली, दुकानात 100 ची होती, ती घेतली आणि सवयीने रोज एकच गोळी खाल्ली, तर महिनाभर पाव डोस चालला. हे घडतं. रिपोर्ट बिघडल्यावर पहिल्यांदा जुनी-नवी पाकिटं शेजारी ठेवून बघा.

कंपनी बदलल्याचं खापर मात्र मी सहसा मान्य करत नाही. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. नाहीतर हे औषध किती घरांना परवडलं असतं? त्या गोळ्यांवर असंख्य लोक नीट आहेत. उन्हाळ्याचं तेवढं बघा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवलेलं औषध चांगलंच तापतं, आणि पाकिटावर 30 अंशांची मर्यादा लिहिलेली असते.

‘सीबीसी नॉर्मल आहे, मग पीसीआर कशाला?’

पैसे वाचवायला केलेली ही चूक फार महागात पडते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत आल्या म्हणजे आजार दबला, एवढंच कळतं. किती दबला हे सांगते ती रक्तातलं बीसीआर-एबीएल किती उरलं ते मोजणारी पीसीआर तपासणी. सुरुवातीला ती दर तीन महिन्यांनी करायची, आणि आकडा ‘आयएस’ म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणात मागायचा. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहिलेला रिपोर्ट या कामाला उपयोगाचा नाही. शक्यतो लॅबही तीच ठेवावी, कारण दोन लॅबच्या आकड्यांत फरक पडतो आणि घरी विनाकारण रडारड होते.

औषध सुरू केल्यापासून या आकड्याची अपेक्षा अशी: तीन महिन्यांत 10 टक्के किंवा कमी, सहा महिन्यांत 1 टक्का किंवा कमी, वर्षभरात 0.1 टक्का किंवा कमी. सहा महिन्यांनंतरही आकडा 10 च्या वर किंवा वर्षानंतर 1 च्या वर असेल, तर औषध अपुरं पडतंय असं धरतात. मधल्या आकड्यांना घाबरून औषध बदलायचं नाही. तपासणी पुन्हा करायची आणि गोळ्यांचा हिशेब काढायचा.

दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी

टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधं यकृतातल्या विकरांना (एन्झाइम्सना) जोर देतात आणि इमॅटिनिब झपाट्याने शरीराबाहेर पडतं. गोळी रोज घेऊनही रक्तात पुरेशी राहत नाही. टीबीचं औषध एका दवाखान्यातून, सीएमएलचं दुसरीकडून, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. टीबीचं औषध स्वतःहून बंद करायचं नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवायच्या. काढे आणि भस्मंही त्यांना सांगून टाका, रागावले तर रागावले.

औषध बदललं की खाण्याचे नियमही बदलतात, आणि जुनी सवय इथेच नडते. इमॅटिनिबऐवजी दिलं जाणारं निलोटिनिब उपाशीपोटी लागतं: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. डॅसाटिनिबला जेवणाची अट नाही, पण सकाळी उठल्या उठल्या घेतली जाणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी ‘गॅसची गोळी’ त्याचं शोषण कमी करते.

अंदाजाने डोस वाढवणं

गोळ्या नीट, पाकीट बरोबर, दुसरं औषध नाही, तरीही आकडा चढतोय, तर आता खरा प्रतिरोध, म्हणजे पेशीच औषधाला जुमानत नाहीत, असं समजून म्युटेशनची (बीसीआर-एबीएलमध्ये झालेल्या बदलाची) तपासणी करावी. ती न करता 400 चे 600 करणं किंवा हाताला येईल ते नवं औषध देणं म्हणजे वेळ घालवणं. टी315आय हा बदल झाला असेल तर इमॅटिनिब कितीही वाढवा, उपयोग नाही. डॅसाटिनिब, निलोटिनिब आणि बोसुटिनिबही चालत नाहीत. तिथे पोनाटिनिब किंवा प्रथिनाच्या वेगळ्याच खाचेत बसणारं असिमिनिब लागतं. एफ317एल असेल तर डॅसाटिनिबपेक्षा निलोटिनिब बरं; वाय253एच किंवा ई255के असेल तर उलट. सोबतचे आजारही बघावे लागतात: डॅसाटिनिबने छातीत पाणी होऊ शकतं, निलोटिनिबने साखर वाढते आणि रक्तवाहिन्यांना धोका असतो.

आणखी एक, शेजारच्या गल्लीतल्या ‘ल्युकेमिया’वाल्या आजोबांशी तुलना करू नका. त्यांना सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) असेल तर आजार वेगळा, गोळ्या वेगळ्या आणि प्रतिरोधाची कारणंही वेगळी.

नमुना कधी द्यायचा

ही म्युटेशनची तपासणी गोळी चालू असतानाच करतात. गोळी बंद करून महिन्याने रक्त दिलं तर दोषी पेशी मागे पडतात आणि बदल सापडत नाही. बीसीआर-एबीएल अगदीच कमी असेल तरी ही तपासणी नीट होत नाही.

सोलापूरचं सिव्हिल असो, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल असो की सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गाठायचं परळचं टाटा, जाताना सगळे पीसीआर रिपोर्ट तारखेवार लावून, चालू औषधांची पाकिटं आणि इतर चिठ्ठ्या एका पिशवीत घ्या. खर्चाचं आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्याला, आधीच विचारा. सोलापुरात कलेक्शन सेंटरवर रक्त देणार असाल तर नमुना पुण्या-मुंबईला कधी निघतो ते विचारून द्या. या तपासणीला लागणारा आरएनए लवकर खराब होतो. शनिवारी दुपारी दिलेलं रक्त सोमवारपर्यंत इथेच पडून राहणार असेल, तर सोमवारी सकाळीच जा.