ब्लीचिंग, बाँडिंग, व्हिनिअर की तारा? पुढच्या दातांसाठी उपचार कसा निवडावा

पुढचे दात चांगले करून घ्यायचं मनावर घेतलं की बरेच जण दवाखान्यात जाऊन थेट "व्हिनिअर बसवायचेत", म्हणजे दातांवर पुढून चिकटवायची पातळ कवचं हवीत, असं म्हणतात. इथेच गल्लत होते. आधी दुखणं कशाचं आहे ते ठरवा: रंगाचं, आकाराचं, जागेचं की हिरड्यांचं. मग ज्यात दात कमीत कमी घासावा लागेल तो उपचार पकडा. एकदा घासून गेलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, पुन्हा तयार होत नाही.

१. खिडकीपाशी आरसा घेऊन बसा

दिवसाच्या उजेडात, दात ओले असताना पाहा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात वाळतात आणि तात्पुरते पांढरे दिसतात. म्हणून डॉक्टरांनीही शेड पट्टीशी रंग जुळवायचा तो काम सुरू करण्याआधी, तासाभराने नव्हे. हसताना एक आणि ओठ बाजूला ओढून एक, असे दोन फोटो काढा. खरोखर खटकणारे दात कोणते ते त्यावर खुणेने दाखवा. पुष्कळदा ते दोनच निघतात आणि आठ व्हिनिअरचा बेत तिथेच बारगळतो.

२. आधी साफसफाई

स्केलिंग आणि पॉलिशिंग करून घ्या. चहा, तंबाखू, पान, मशेरी यांचे डाग दाताच्या वर बसलेले असतात, ते इथेच निघतात. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश दोन-तीन आठवडे वापरलं तरी तपकिरी डाग पडतात, तेही यातच जातात. किडलेले दात आणि रक्त येणाऱ्या हिरड्या आधी बऱ्या करा. सुजलेल्या हिरडीजवळ कुठलंच चिकटवण्याचं काम नीट होत नाही. लिंबू-सोडा किंवा कोळशाच्या पावडरीचे घरगुती प्रयोग नकोत. आम्लाने इनॅमल विरघळतं, भुकटीने ते झिजतं आणि खालचा पिवळा थर (डेंटिन) आणखी डोकावू लागतो.

३. रंगाची तक्रार असेल तर

वयानुसार आलेला पिवळेपणा ब्लीचिंगला सर्वांत छान दाद देतो. दवाखान्यात ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, काम तासा-दीड तासात होतं. घरी वापरायचं असेल तर मापाचा ट्रे आणि १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचं जेल रात्रभर, साधारण दोन आठवडे. वेळ जातो, पण झिणझिण्या कमी येतात. ट्रेमध्ये प्रत्येक दातापुरता तांदळाच्या दाण्याएवढाच ठिपका ठेवा. बाहेर आलेलं जेल कापसाने पुसा, नाहीतर हिरडी पांढरी पडून चुरचुरते. झिणझिण्या वाढल्या तर एक रात्र सोडा आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे पुढे ढकलावं.

फिलिंग आणि कॅप यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. पुढे जुनी कॅप असेल तर बाकीचे दात उजळल्यावर तीच पिवळट दिसेल. तिचा खर्च आधीच धरा.

चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी चट्टे दिसतात. तिथे नुसत्या ब्लीचिंगने पांढरा चट्टा सुरुवातीला जास्तच उठून दिसू शकतो. आम्लयुक्त पेस्टने वरचा अगदी पातळ थर घासणारं मायक्रोॲब्रेजन किंवा चट्ट्यात पातळ रेझिन (प्रकाशाने कडक होणारा चिकट पदार्थ) मुरवणं, हे आधी विचारा. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे आलेल्या राखाडी पट्ट्यांना ट्रेनेही काही महिने लागतात.

मार लागून एकच दात काळवंडला असेल तर त्याची नस मेली आहे का ते तपासा. रूट कॅनालनंतर आतून ब्लीचिंग करता येतं. दात शाबूत असताना त्यावर लगेच कॅप चढवण्याची घाई कशाला?

४. आकार, टवका, फट

छोटा टवका किंवा दोन मिलिमीटरपर्यंतची फट असेल तर कॉम्पोझिट बाँडिंग पुरतं. दात आम्लाने खरखरीत करून त्यावर रेझिनचे थर देतात, निळ्या प्रकाशाने कडक करतात. एका बैठकीत होतं, बहुधा इंजेक्शनही लागत नाही. पाच-सात वर्षं टिकतं. मात्र चहा आणि हळदीच्या रश्श्याने कडेला तपकिरी रेघ येते, ती अधूनमधून पॉलिश करावी लागते. तुटलं तर तेवढंच दुरुस्त होतं.

पोर्सेलिनचं व्हिनिअर डाग धरत नाही आणि दहा-पंधरा वर्षं चालतं. त्यासाठी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर इनॅमल काढावं लागतं. त्यापेक्षा खोल गेलं की चिकटवण इनॅमलऐवजी डेंटिनवर येते, पकड कमी होते आणि थंड पाणी झोंबतं. रात्री दात खाणाऱ्यांची व्हिनिअर फुटतात. त्यांनी नाइटगार्ड (झोपताना दातांवर घालायचं संरक्षक कवच) वापरावाच. सुपारी फोडणं आणि दाताने बाटलीचं झाकण उघडणं सोडायची तयारी नसेल तर हा नाद करू नये.

कॅपला सगळ्या बाजूंनी दात तासावा लागतो. फार मोडलेल्या दातालाच ती शोभते.

५. वाकडे दात आणि हिरड्या

वेडेवाकडे दात व्हिनिअरने "सरळ" दाखवणं म्हणजे पुढे आलेला दात खोलवर घासणं. तारा किंवा अलायनर (दात हळूहळू सरकवणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) घ्या. अलायनर दिवसाचे २०-२२ तास घालायचे असतात. नंतर रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन) टाळला तर दात परत जुन्या जागी सरकतात. हसताना हिरडी जास्त दिसत असेल तर आधी कारण शोधा: हिरडी, ओठ की जबडा. हिरडी कापून फक्त पहिलं सुधारतं.

६. क्रम चुकवू नका

साफसफाई, मग तारा, मग ब्लीचिंग आणि त्यानंतर किमान दोन आठवडे थांबून बाँडिंग किंवा व्हिनिअर. ब्लीचिंगनंतर दातात उरलेला ऑक्सिजन रेझिन घट्ट होऊ देत नाही, शिवाय रंगही स्थिरावलेला नसतो.

७. होकार देण्याआधी

डॉक्टरांची डेंटल कौन्सिलची नोंदणी पाहा. ब्यूटी पार्लरमधलं ब्लीचिंग नको. व्हिनिअरसाठी आधी मॉक-अप मागा. मेणाच्या नमुन्यावरून तुमच्याच दातांवर तात्पुरता थर बसवतात, दात न घासता. तो लावून "विहीर", "वावर" म्हणा: वरच्या दातांची कडा खालच्या ओठात रुतत असेल तर दात लांब झालेत. "सासूबाई" म्हणताना शिट्टी वाजते का, तेही ऐका. पटलं नाही तर थर खरवडून काढतात आणि खाली तुमचा दात होता तसाच असतो.