मागणीची लवचिकता: आकडा कसा काढावा, कसा वाचावा

किंमत बदलली की मागणी किती हलते, याचं माप म्हणजे मागणीची किंमत लवचिकता. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये ती पद्धतशीर मांडली. मागणीतल्या शेकडा बदलाला किमतीतल्या शेकडा बदलाने भागायचं. उत्तर बहुधा ऋण येतं, पण उणे चिन्ह सहसा सोडून देतात.

सूत्र सोपं असलं तरी गफलत टक्केवारीतच होते. समजा, किंमत 20 वरून 25 झाली आणि मागणी 200 नगांवरून 160 वर आली. किंमत 25 टक्के वाढली, मागणी 20 टक्के घटली, लवचिकता 0.8. आता उलट मोजा. किंमत 25 वरून 20 झाली, म्हणजे 20 टक्के घट. मागणी 160 वरून 200, म्हणजे 25 टक्के वाढ. उत्तर 1.25! तेच दोन बिंदू, पण एकदा मागणी अलवचिक (1 पेक्षा कमी) ठरते, एकदा लवचिक (1 पेक्षा जास्त). कारण टक्केवारीचा पाया बदलला.

म्हणून टक्केवारी सरासरीवर काढा. किमतींची सरासरी 22.5, फरक 5. मागणीची सरासरी 180, फरक 40. दोन्ही बदल 22.2 टक्के, लवचिकता बरोबर 1. ताळा एकूण खर्चाने करावा: 20 × 200 आणि 25 × 160, दोन्ही 4000. खर्च जागचा हलला नाही, म्हणजे मागणी एकक लवचिक.

आकडा 1 पेक्षा कमी असेल तर किंमत वाढवल्यावर विक्रीची रक्कम वाढते; जास्त असेल तर घटते. ही रक्कम म्हणजे नफा नव्हे. किंमत उतरवून विक्री वाढवली तरी जादा नगांचा उत्पादनखर्च ती वाढ खाऊन टाकू शकतो.

लवचिकतेला उतार समजणं ही नेहमीची चूक. मागणी = 100 − 2 × किंमत ही सरळ रेषा घ्या. उतार सगळीकडे सारखाच (किंमत 1 ने वाढली की मागणी 2 ने घटते), पण किंमत 40 असताना लवचिकता 4 आणि 10 असताना 0.25. त्यामुळे एका किमतीला काढलेला आकडा दूरच्या किमतीला लावू नये. काळाचंही तसंच: इंधन महागलं तर लोक लगेच गाडी बदलत नाहीत, काही वर्षांत बदलतात. आकडा किती मुदतीचा, हे शेजारी लिहून ठेवा. त्याच काळात उत्पन्न किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली असेल, तर त्यांचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय हा आकडा किमतीच्या खात्यावर टाकता येत नाही.