चिनी अक्षरं लिहिताय? मराठी हाताच्या या चुका टाळा

देवनागरीत आपण शब्द पूर्ण करतो आणि मग वर शिरोरेघ ओढतो. चिनी शिकताना पहिली गफलत इथेच होते. ती लक्षातही येत नाही, कारण कागदावर उमटलेलं अक्षर बरोबरच दिसतं. 'खाली' या अर्थाचं अक्षर बघा, उच्चार साधारण 'श्या'. वर शिरोरेघेसारखी आडवी रेघ, तिला लटकलेला दंड आणि दंडाच्या उजवीकडे एक तिरका ठिपका. माझा हात कित्येक दिवस आधी दंड काढायचा. खरा क्रम आडवी, उभी, ठिपका. मोडी लिहिणाऱ्यांना हे सोपं गेलं असतं, ते आधी ओळभर रेघ ओढून मग खाली अक्षरं लिहीत.

आता गंमत अशी की 'वर' या अर्थाचं अक्षर मात्र उभ्या रेघेने सुरू होतं. मग उजवीकडची आखूड आडवी आणि शेवटी तळाची लांब. म्हणजे 'आडवी आधी, उभी नंतर' हा नियम दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे बहुतेकदा चालतो, बाकी ठिकाणी अक्षर बघून.

दिसायला सारखंच, तर क्रमाचा एवढा बाऊ कशाला? कारण घाईत कुणी सुटं सुटं लिहीत नाही. एका रेघेचं शेवटचं टोक पुढच्या रेघेच्या सुरुवातीकडे ओढलं जातं, तिथे बारीक धागा उमटतो. क्रम चुकला की धागा भलतीकडून जातो, आणि चिनी वाचणाऱ्याला आपलं अक्षर लागत नाही.

दुसरी खोड गोल वळणाची. 'तोंड' म्हणजे एक चौकोन. आपण तो एका झटक्यात शून्यासारखा फिरवतो, नाहीतर चार बाजू म्हणून चार रेघा मारतो. त्यात रेघा तीन आहेत: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एकच (कोपऱ्यात पेन उचलायचं नाही) आणि शेवटी तळ. मोजणी चुकली तर कागदी शब्दकोशात रेघांच्या संख्येवरून अक्षर शोधताना हमखास भलत्याच पानावर जाल.

हाच चौकोन मोठा करून त्यात काही कोंबलं की तिसरी चूक तयार. 'देश' या अक्षरात आठ रेघा. नवशिका आधी पेटी बंद करतो आणि मग आत भरत बसतो. चिनी वर्गात मुलांना सांगतात, आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. तळाची रेघ सगळ्यात शेवटी.

'रस्ता' या बारा रेघांच्या अक्षराला डावीकडून खाली पसरलेली चालण्याची खूण असते. ती डावीकडे आहे म्हणून आधी लिहू नका, ती शेवटच्या तीन रेघांत येते. पण 'उठणे' या अक्षरातही डावीकडून खाली पसरलेला भाग आहे आणि तो आधी लिहायचा. इथे तर्क लढवू नका, सरळ पाठ करा.

आता माझी स्वतःची फजिती. मी महिनाभर एका जपानी कांजीच्या (जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांच्या) व्हिडिओवरून सराव केला, अक्षरं तीच म्हणून. पण 'राजा' आणि 'शेत' यांचा क्रम चीनमध्ये वेगळा, जपानमध्ये वेगळा. 'राजा'त चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी, मग तळाची आडवी. जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच उभी. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच. फक्त एकाच देशाचा क्रम धरा. चीनच्या मुख्य भूमीचा हवा असेल तर 1 मार्च 2021 पासून लागू झालेल्या सरकारी नियमावलीत 8105 अक्षरांचा क्रम ठरवून दिलेला आहे, वाद तिथे मिटतो.

आपलं चुकतंय की नाही हे कळणार कसं? आयफोनवर सरलीकृत चिनीच्या (चीनच्या मुख्य भूमीत चालणाऱ्या सोप्या केलेल्या अक्षरांच्या) कीबोर्डांत 'स्ट्रोक' नावाचा एक आहे. त्यात रेघांच्या पाच कळा: आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका आणि वळणाची. उजवीकडे उतरती रेघ ठिपक्याच्या कळेवरच मारायची. 'झाड' म्हणजे आडवी, उभी, डावी उतरती, ठिपका. अक्षर समोर आलं नाही की समजा, हाताला चुकीची सवय लागली आहे. वहीत दिसायला सुबक असलेली माझी निम्मी अक्षरं या परीक्षेत आपटली.

आणि एक लबाडी अजिबात नको. वहीची ओळ भरायची म्हणून आधी वीस आडव्या रेघा, मग त्यांवर वीस उभ्या, असं मी केलंय. ओळ झटक्यात भरते, पण हाताने एकही अक्षर लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा पाचच वेळा लिहा, दर वेळी पहिल्या रेघेपासून, आणि सहाव्या वेळी वही झाकून हवेत बोटाने.