‘बघते की’ लिहून चालत नाही

सांगलीत ‘बघते की’ या दोन शब्दांत काहीही मावतं. हो, नाही, उद्या, कधीच नाही, आधी घरात विचारते. समोरासमोर असलो की चेहऱ्यावरून कळतं, त्यामुळे कुणाचं अडत नाही. लिहिताना मात्र अडतं. मी कुपवाडला एका छापखान्यात डीटीपी करत होते आणि पुण्यात डिझायनरची नोकरी शोधत होते, तेव्हा हे माझ्या गावीही नव्हतं.

एका रविवारी बसून एकाच मजकुराचे चाळीस ईमेल पाठवले. विषयाच्या जागी ‘नोकरीसाठी अर्ज’. जोडलेल्या फाइलचं नाव ‘नवीन फायनल २’. आत ‘मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे’. वर रिझ्युमे वर्डमध्ये, आणि त्यातला मराठी मजकूर छापखान्यातल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. ज्यांच्याकडे तो फॉन्ट नाही त्यांना तिथं नुसती अगम्य चिन्हं दिसली असणार. उत्तर एकच आलं, चार शब्दांचं: ‘कोणत्या पदासाठी अर्ज आहे?’ त्यांच्या जाहिरातीत तीन पदं होती.

आधी रागच आला. मग लक्षात आलं की माझा अर्ज कुठल्या ढिगात ठेवायचा हेच त्या माणसाला कळत नव्हतं. तेव्हापासून काहीही पाठवण्याआधी स्वतःला एवढंच विचारते: हे वाचून समोरच्याला मला उलट काही विचारावं लागेल का?

अर्जाच्या विषयात पद आणि आपलं नाव लिहा. फाइलच्या नावातही तेच, आणि फाइल पीडीएफ. मजकूर मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल इतका. मी पुढं असं लिहायला लागले:

‘नमस्कार. आपल्याकडील पॅकेजिंग डिझायनर या पदासाठी अर्ज करत आहे. मसाले आणि बेदाण्याच्या पाकिटांची १४ डिझाइनं मी छपाईपर्यंत नेली आहेत, त्यातली ३ सोबत जोडली आहेत. १ तारखेपासून पुण्यात रुजू होऊ शकते. फोनसाठी सायंकाळी ६ नंतरची वेळ सोयीची आहे.’

‘होतकरू’ गेलं, ‘१४’ आलं. अर्ज इंग्रजीत द्यायचा असेल तरी आधी मराठीत लिहा. माझं इंग्रजी कच्चं आहे असं मी वर्षानुवर्षं सांगत होते. खरं तर काय सांगायचंय तेच मनात सरळ लागलेलं नसायचं, आणि खापर इंग्रजीवर फुटायचं.

कुणाला, कधी, काय पाठवलं याची एक वही ठेवा. आठवड्याने त्याच ईमेलला जोडून एकदा विचारा, मग गप्प बसा. मुलाखतीचा फोन एसटीत आला तर ‘हॅलो, आवाज येतोय का’ करत बसू नका. मी पेठ नाक्यापासून कराडपर्यंत तेवढंच केलं आणि ती मुलाखत तिथंच संपली. ‘प्रवासात आहे, ४ वाजता मी फोन करू का?’ एवढं म्हटलं असतं तर कुणी रागावलं नसतं.

नोकरी काही तेव्हा लागली नाही, पण गिऱ्हाइकं मिळाली. खरी शाळा तिथं भरली.

मार्केट यार्डातले एक हळदवाले काका म्हणाले, ‘ताई, पाकीट जरा भारी करा.’ भारी म्हणजे काय, हे विचारायला लाज वाटू देऊ नका. मी आता दुकानातली चार पाकिटं समोर मांडते आणि यातलं कुठलं आवडत नाही ते विचारते. आवडतं काय ते माणसाला सांगता येत नाही, नावडतं ते लगेच सांगतो. मग पुढचे प्रश्न: कुठं विकणार, वजन किती किती, आणि शेवटचा होकार कुणाचा? हा तिसरा प्रश्न सोडू नका. मुलाबरोबर तीन आठवडे काम केलं की चौथ्या आठवड्यात अण्णा उगवतात, आणि अण्णांना हिरवा रंग चालत नसतो. अण्णा व्हॉट्सॲपवर नसतील तर प्रिंट काढून दुकानातल्या गादीवर नेऊन दाखवा, खाली सही घ्या.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ती याच भागाची खासियत असल्याची सरकारी ओळख मिळाली, तेव्हापासून ते चिन्ह पाकिटावर प्रत्येकालाच हवं असतं. पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ‘नोंदणी आहे का, असल्यास प्रमाणपत्राचा फोटो पाठवा’ असं सरळ लिहायचं. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही मी फोनवर ऐकून टाइप करत नाही, फोटोच मागवते.

हे शहाणपण फुकटात आलेलं नाही. एका पाकिटाचं वजन २०० ग्रॅमवरून २५० करायचं असं फोनवर ठरलं. मी ‘हो हो’ म्हटलं, दुसऱ्या कामात शिरले आणि विसरले. नंतर डिझाइन पाठवलं, तिकडून अंगठा आला, मी तो होकार समजून फाइल पुढं दिली. अशा पाकिटांची छपाई सिलिंडरवर होते, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडर तयार झाले आणि त्यावर २०० ग्रॅम. त्यांचं म्हणणं, आम्ही सांगितलं होतं. माझं म्हणणं, तुम्ही बघितलं होतं. दोघंही खरं बोलत होतो, आणि लिहिलेलं कुणाकडेच नव्हतं. निम्मा खर्च मी सोसला, म्हणजे त्या कामात मला काहीच सुटलं नाही.

त्यानंतर दोन सवयी लावून घेतल्या. फोन ठेवला की पाच मिनिटांत मेसेज: ‘आत्ता ठरलं ते: १) वजन २५० ग्रॅम. २) मागच्या बाजूला मराठी आणि इंग्रजी. ३) पुढचा नमुना मी गुरुवारी देणार. यात काही चुकलं असेल तर आज सांगा.’ दुसरी सवय, अंगठ्यावर छपाई नाही. ‘वजन, किंमत, परवाना नंबर तपासले, छपाईला द्या’ असं त्यांच्या हातून लिहून घ्यायचं. पहिल्यांदा लोक हसतात. ‘ताई कोर्टात जाणार वाटतं,’ असंही ऐकलंय.

पैशाचं बोलणं आपल्याकडे सगळ्यात जड जातं, म्हणून ते कोटेशनमध्येच उरकून टाका: ५० टक्के ॲडव्हान्स, दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्या बदलाला एवढे, उरलेली रक्कम बिलापासून इतक्या दिवसांत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट होते. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याजही लागतं. हे भांडणात काढायचं हत्यार नाही. कोटेशनच्या तळाशी एक ओळ टाकली की बहुतेक वेळा भागतं. आठवण करताना ‘जरा अडचण होती म्हणून’ असं रडगाणं नको. बिल नंबर, रक्कम, ठरलेली तारीख, ‘कधी जमा होतील ते कळवा’. बास.

राहिला उशीर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० ला हलला तो सामानासकट निघाला, ४५ ची वाट बघणारा नेसत्या कपड्यांवर. कामाचंही तसंच. शुक्रवारचं काम होणार नाही हे बुधवारी कळलं तर बुधवारीच सांगायचं. मी मात्र आधी शुक्रवारी रात्री फोन बंद करून बसायचे.

गेल्या महिन्यात बेदाण्याच्या एका पाकिटाचे फोटो नीट आले नाहीत. बुधवारी सकाळी लिहिलं: ‘फोटो परत काढावे लागतील. शुक्रवारऐवजी सोमवारी नमुना देते. शुक्रवारीच हवा असेल तर फोटोशिवायचा देऊ शकते. कसं करू?’

दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘चालतंय की. सोमवारी किती वाजता?’