विकिपीडियाची शर्यत: चढायचं सोपं, उतरायचं कसं?

एका लेखातून निघायचं आणि फक्त निळे दुवे दाबत ठरलेल्या दुसऱ्या लेखावर पोचायचं, एवढाच हा खेळ. बडोद्यातले आम्ही आणि पुण्याची भावंडं व्हिडिओ कॉलवर खेळतो. सगळ्यांना तोच सल्ला मिळतो, "पटकन 'भारत' गाठा, मग सोपं आहे." मग काहीही सोपं नसतं.

भाषा आधी ठरवा. इंग्रजीत सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीत लाखभर. मराठीत लाल दुवे (अजून न लिहिलेल्या लेखांचे) आणि दोन ओळींची गावांची पानं वाटेत फार येतात. आजी-आजोबा असतील तर मराठीच खेळा, पण शेवटचं पान प्रसिद्ध निवडा.

शोधखोका बंद. 'मागे' दाबलं तर तोही क्लिक धरायचा. पानात शब्द शोधायची सोय मी बंदच ठेवते, नाहीतर कुणी काही वाचत नाही. आणि घड्याळ लावू नका, क्लिक मोजा. घड्याळ लावलं की दहावीतला पोरगाच जिंकतो आणि काकू पुढच्या रविवारी येत नाहीत.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या पानाची जोडी पंचाने ठरवावी. शेवटच्या पानावर 'येथे काय जोडले आहे' उघडून पाहावं, त्या पानाकडे दुवा देणाऱ्या लेखांची यादी तिथे दिसते. यादी चार-पाच नावांत संपली तर ते पान बाद.

वर चढायला, म्हणजे 'भारत'सारख्या मोठ्या पानावर पोचायला, दोन-तीन क्लिक पुरतात, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

खरी अडचण उतरताना, म्हणजे तिथून ठरलेल्या बारीक पानाकडे जाताना. दुवा एकाच दिशेने चालतो, हे लोक विसरतात. कढीपत्त्याच्या लेखात भारताचं नाव येणारच. पण भारताच्या लेखाला कढीपत्त्याची काय गरज? इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था यातच ते पान संपतं. म्हणून 'भारत'वर बसून खालीवर करत राहू नका. पहिला क्लिक करण्याआधीच स्वतःला विचारा: माझ्या शेवटच्या पानाचं नाव घेतल्याशिवाय कोणत्या पानाचं भागणार नाही? कढीपत्त्यासाठी ते भारतीय खाद्यसंस्कृतीचं पान. आता तिथे कसं पोचायचं एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या गावचं उदाहरण घ्या. सुरुवात तिसरे सयाजीराव गायकवाड, शेवट पुलित्झर पुरस्कार, इंग्रजीतून. बहुतेक जण भारत, मग अमेरिका, मग पत्रकारिता अशी वाट धरतात आणि अमेरिकेच्या लांबलचक पानात अडकतात. उलटं बघा. पुलित्झर देतं कोण? 1917 पासून न्यू यॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. बडोद्याशी कोलंबियाचा संबंध काय? 1913 साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन तिथेच शिकायला गेले. सयाजीराव, आंबेडकर, कोलंबिया, पुलित्झर: तीन क्लिक. बडोद्यात वाढलेल्या माणसाला ही वाट सुचली नाही, तर मला जरा रागच येतो.

मधलं पान निवडताना देशापेक्षा संस्था बरी, आणि संस्थेपेक्षा यादी. विद्यापीठ, पुरस्कार, प्राण्यांची कुळं, पदार्थांच्या याद्या यांतून बारीक गोष्टींकडे वाटा फुटतात. नदी, डोंगर, तालुका शक्यतो टाळा. ती पानं पुन्हा राज्याकडे आणि देशाकडेच ढकलतात.

मराठीत खेळताना शेवट एखाद्या माणसाचा असेल तर तारखेचं पान कामाला येतं. मराठी विकिपीडियावर वर्षांच्या आणि तारखांच्या पानांवर जन्म-मृत्यूंच्या याद्या असतात. आंबेडकरांना गाठायचं असेल तर 14 एप्रिल किंवा 1891 शोधा. जन्मतारखा पाठ असलेले आजोबा इथे भल्याभल्यांना हरवतात.

फोनवर खेळणाऱ्यांनी मिटलेले विभाग उघडून बघावेत. अर्धे दुवे तिथेच दडलेले असतात.

वाद झालाच तर 'सिक्स डिग्रीज ऑफ विकिपीडिया' या संकेतस्थळावर दोन्ही नावं टाका, इंग्रजीतली सर्वांत जवळची वाट दिसते. खेळ संपल्यावरच, आधी नाही. आणि पुढची जोडी सर्वांत जास्त क्लिक करणाऱ्याने ठरवायची, त्या डावाचा पंचही तोच.