शूट लावायच्या आधी कागद लावा: छोट्या मराठी फिल्मची कायदेशीर तयारी

एडिट लॉक झालाय, साउंड झालाय, ओटीटीवाल्यांनी फिल्म बघितली, आवडली, आणि मग त्यांच्या लीगलकडून एका ओळीचा मेल येतो: चेन ऑफ टायटल पाठवा. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या छोट्या फिल्म इथेच अडकतात, कारण सगळं तोंडावर झालेलं असतं. लेखक मित्र, संगीतकार मित्राचा मित्र, वाडा मामांच्या ओळखीतला. मी दहाएक वर्षं प्रॉडक्शन सांभाळतोय, आणि मला मनापासून वाटतं की मित्र आहेत म्हणूनच कागद लवकर करायचे, भांडण झाल्यावर कुणी सही देत नाही.

चेन ऑफ टायटल म्हणजे काय, तर जमीन घेताना आपण फेरफार बघतो ना, कुणाकडून कुणाकडे आली, मधे कुठे वारस राहिलाय का, तसंच. कथा ज्याने लिहिली त्याच्यापासून आज फिल्म विकणाऱ्यापर्यंत हक्क कसे आले ते सलग कागदावर दिसलं पाहिजे. मधला एक कागद नसला की पुढचे सगळे लटकतात.

सगळ्यात पहिलं, निर्माता कोण ते ठरवा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, सिनेमाचा 'ऑथर' दिग्दर्शक नाही, निर्माता आहे. हे ऐकून बरेच दिग्दर्शक चमकतात पण तसंच आहे. पाच मित्रांनी दोन-दोन लाख घातले आणि पोस्टरवर पाचही नावं निर्माता म्हणून टाकली की विकताना पाचही सह्या लागतात, त्यातला एक कॅनडाला गेलेला असतो आणि एकाशी बोलणं बंद झालेलं असतं. त्यापेक्षा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढा नाहीतर साधी भागीदारी लेखी करा, त्यात कुणाचे किती टक्के, विकायचा निर्णय कोण घेणार, पैसे आले की आधी कुणाचे फिटणार हे लिहा, आणि पुढचे सगळे करार त्या एकाच नावाने करा.

आता लेखकाचा करार. फ्रीलान्स लेखकाला तुम्ही पैसे दिले म्हणून पटकथा तुमची झाली असं होत नाही, हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. व्हॉट्सअॅपवर 'हो रे, तुझीच आहे स्क्रिप्ट' हे पुरत नाही. आणि लेखी केलं तरी कलम १९ नीट वाचा, कारण करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो, आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते आपोआप परत जातात. छोट्या फिल्मला फायनान्स उभा करायलाच दीड वर्ष जातं, म्हणजे स्क्रिप्ट कधी हातातून गेली ते कळतही नाही. म्हणून माझ्या प्रत्येक करारात हे वाक्य असतंच: "सदर पटकथा व संवादांचे सर्व हक्क संपूर्ण जगासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, सॅटेलाइट, ओटीटी व इंटरनेट या माध्यमांसह निर्मात्याकडे हस्तांतरित करण्यात येत आहेत, आणि कलम १९(४) मधील एक वर्षाची अट या करारास लागू राहणार नाही." माध्यमांची नावं घालाच, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हतं किंवा बाजारात चालत नव्हतं, त्याचे हक्क नाव घेऊन लिहिल्याशिवाय मिळत नाहीत.

याच दुरुस्तीने लेखक, गीतकार, संगीतकारांना एक मोठी गोष्ट दिली. थिएटरमधल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरासाठी त्यांचा रॉयल्टीचा वाटा करारातूनही काढून घेता येत नाही. 'एकरकमी मानधन, पुढे रॉयल्टी मागणार नाही' असं लिहून घेणारे अजून भेटतात. त्या ओळीला कायद्यात किंमत नाही, आणि ती लिहून घेऊही नये, लेखकाच्या पोटावर पाय देऊन फिल्म स्वस्त होत नाही.

लेखकाच्या बाजूने असाल तर पटकथा कुणाला ऐकवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर करा, किंवा कॉपीराइट ऑफिसमध्ये, तिथे साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे. रजिस्ट्रेशन नसलं तरी कॉपीराइट असतोच पण तारखेचा पुरावा हातात राहतो. आणि नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद केसमध्ये सांगितलंय. त्यामुळे 'गावातला मुलगा कुस्ती शिकतो' ही तुमची आयडिया चोरली म्हणून केस टिकत नाही, सीन, संवाद, पात्रांची मांडणी उचलली तर टिकू शकते. म्हणजे एका ओळीची आयडिया घेऊन फिरू नका, लिहून काढा.

जुन्या कथेवर फिल्म करायची असेल तर आधी लेखक कधी गेले ते बघा. लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मोकळं आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत वारसांची परवानगी लागणारच. वारस एकापेक्षा जास्त असतात, सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि प्रकाशकाने हो म्हटलं म्हणजे झालं असं समजू नका, त्याच्याकडे सिनेमाचे हक्क बरेचदा नसतातच.

गाण्यांमध्ये लोक सगळ्यात जास्त फसतात. 'सात सेकंद वापरलं तर चालतं' असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. तुकोबांचा अभंग शब्द म्हणून सगळ्यांचा आहे, पण त्याला विसाव्या शतकात कुणी चाल लावली असेल तर ती चाल त्या संगीतकाराची, आणि ज्या कॅसेटवर आपण तो ऐकला ते रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अभंग घ्या आणि आपल्या संगीतकाराकडून नवी चाल करून घ्या, हे सगळ्यात स्वच्छ. कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन घेतलं की परवानगी लागत नाही हाही गैरसमज, कव्हरची जी कायदेशीर सोय आहे ती ध्वनिमुद्रणापुरती, फिल्ममध्ये चित्रासोबत वापरायला वेगळी परवानगी लागते.

एक प्रसंग सांगतो. चहाच्या टपरीवर सीन होता, सिंक साउंड, म्हणजे आवाज शूटवेळीच रेकॉर्ड होत होता, आणि मागे टपरीवाल्या दादांचा रेडिओ चालू राहिला. सेटवर कुणाच्या लक्षातच आलं नाही, उलट सगळ्यांना वातावरण छान वाटलं. एडिटला बसल्यावर कळलं की दोन पानी संवादाखाली एक गाजलेलं गाणं अख्खं वाजतंय. गाण्याच्या कंपनीने परवानगीसाठी सांगितलेला आकडा आमच्या त्या दिवसाच्या शूटच्या खर्चापेक्षा मोठा होता. शेवटी दोन्ही नटांना बोलावून सीन डब केला आणि सीनमधल्या थकलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात जे होतं ते डबिंगमध्ये परत आलंच नाही. तेव्हापासून लोकेशनवर पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे रेडिओ, टीव्ही, मोबाइल बंद करायला लावणं. भिंतीवरचं चित्र मागे सहज दिसलं तर त्याला कायद्यात सूट आहे, मागे वाजणाऱ्या गाण्याला ती सूट नाही.

नटांचा करार छोटा असला तरी चालेल, दोन पानं पुरतात, पण त्यांच्या कामाचा फिल्ममध्ये वापर करायला लेखी संमती, तारखा, मानधनाचे हप्ते, डबिंग आणि प्रमोशनचे दिवस एवढं हवंच. गावातली जी माणसं गर्दीत उभी राहतात त्यांच्याकडून पण एका पानाची मराठीतली संमती घ्या, आणि सही घ्यायच्या आधी ती वाचून दाखवा.

आता लोकेशन. वाईच्या बाजूला एका वाड्यात आम्ही शूट लावलं, मोठ्या काकांनी चहा पाजून होकार दिला, आम्ही खूश. चौथ्या दिवशी त्यांचा पुतण्या आला, म्हणाला वाडा चौघांचा आहे, आम्हाला कुणी विचारलं? कॅमेरा बंद, पन्नास माणसं ओसरीवर बसून, सहा तास गेले. चूक आमची होती, आम्ही उतारा बघितलाच नव्हता. शेतात शूट असेल तर सातबारा बघा, घर गावठाणात असेल तर सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा नाहीतर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका मागा, जितकी नावं तितक्या सह्या. त्या कागदात पॅचवर्कला, म्हणजे राहिलेले शॉट घ्यायला, परत यायची मुभा, घर फिल्ममध्ये दुसऱ्या नावाने दाखवायची मुभा आणि नुकसानीचं काय हे लिहा, आणि सामान हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा.

सरकारी जागांसाठी महाराष्ट्रात गोरेगावच्या फिल्मसिटीवाल्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जायचं. किल्ला किंवा शनिवारवाड्यासारखी वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे असेल तर त्यांची परवानगी वेगळी, रेल्वेची वेगळी, ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम बघा आणि त्यासोबत स्थानिक पोलिसांना भेटा.

लहान मुलं असतील तर इथे मी अजिबात तडजोड करत नाही. बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढायची, मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा, शाळेची सोय बघायची, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायचे. मूल नको म्हणालं तर आईबाप हो म्हणत असले तरी नाही म्हणजे नाही. नऊ वर्षांचं पोर रात्री अकरा वाजता सेटवर पेंगताना बघितलंय मी, शेड्यूल मुलाप्रमाणे लावायचं, मुलाला शेड्यूलप्रमाणे ताणायचं नाही.

प्राणी दाखवताय, अगदी अंगणातली शेळी तरी, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी आणि एनओसी (ना-हरकत दाखला) शूटनंतर लागते. ऑफिस हरियाणात बल्लभगडला आहे, अर्ज वेळेत टाका, पशुवैद्याचा दाखला जोडा. ही एनओसी नसली तर सेन्सॉरला गाडी थांबते. पात्र सिगारेट ओढत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तीस-तीस सेकंदांचे आरोग्य संदेश, वीस सेकंदांचं निवेदन आणि दृश्य चालू असताना खाली इशारा, हे सगळं एडिटमध्ये धरून चाला, म्हणजे खरंच सिगारेट हवीय का याचा लिहितानाच विचार होतो.

सेटवर दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते, आणि कुठलं युनिट दहाच्या आत असतं? समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर रोजच्या कॉल शीटवर, म्हणजे युनिटला वाटतात त्या दिवसाच्या वेळापत्रकावर, छापा. मेकअप दादापासून असिस्टंट मुलीपर्यंत सगळ्यांना दिसेल असा.

नावाचं थोडक्यात. मराठी फिल्मचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ किंवा निर्मात्यांच्या संघटनांकडे नोंदवतात, ते करा, पण नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय. नाव खरंच जपायचं असेल तर ट्रेडमार्क.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर जातो, ट्रेलरला सर्टिफिकेट वेगळं. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या वर्गामध्ये ७+, १३+, १६+ असे भाग झालेत आणि सर्टिफिकेट आता दहा वर्षांनी संपत नाही. टीव्हीला विकायचा विचार असेल तर 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालेली फिल्म तशीच चालत नाही, त्यासाठी बदल करून टीव्हीसाठी वेगळं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. कट मान्य नसतील तर आधी रिव्हायजिंग कमिटी, त्यानंतर थेट हायकोर्ट, मधलं अपिलीय ट्रिब्युनल २०२१ मध्ये बंद झालं. म्हणून रिलीजची तारीख जाहीर करून मग अर्ज टाकू नका, दोन-तीन महिने हातात ठेवा.

शेवटी स्टॅम्प. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या कराराला शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आलाय, आणि हक्क हस्तांतराच्या करारावर किती ड्युटी बसते ते वकिलाकडून काढून घ्या. कमी स्टॅम्पचा कागद कोर्टात पुरावा म्हणून दंडासकट फरक भरल्याशिवाय घेत नाहीत, आणि नोटरीचा शिक्का स्टॅम्पची जागा घेत नाही. हे सगळं करून द्यायला सिनेमाचं काम केलेला एक वकील प्री-प्रॉडक्शनलाच धरा आणि त्याची फी बजेटमध्ये कॅमेरा भाड्याच्या शेजारी लिहा. ओरिजिनल कागद एकाच माणसाकडे, एकाच बॉक्स फाइलमध्ये, स्कॅन तीन जणांकडे. पहिल्या दिवशी क्लॅप द्यायच्या आधी ती फाइल उघडून बघा, लेखकाची सही आहे का.