सिसकंट्रोल टेबल: आधी नोंद काढा, मग मेमरी सोडा

लिनक्स कर्नेलमधलं सिसकंट्रोल टेबल (/proc/sys मधल्या सेटिंगची यादी, जी कर्नेलकडे नोंदवावी लागते) तपासायला आलं की मी आधी एवढंच बघते: याची कॉपी खरंच लागते का? प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला (स्वतःचं वेगळं नेटवर्क असलेल्या कप्प्याला) स्वतःची वेगळी किंमत हवी असेल तरच केमेमडप करा, म्हणजे नवी मेमरी घेऊन कॉपी करा. एकच किंमत सगळ्यांना चालत असेल तर टेबल स्टॅटिक राहू द्या. जी मेमरी मागितलीच नाही, ती सोडायची काळजीही उरत नाही.

कॉपी लागलीच, तर इनिट_नेटला, म्हणजे सुरुवातीच्या नेमस्पेसला, मूळ टेबल द्या, बाकीच्यांना कॉपी. कॉपी घेताना जी 'इफ' अट लिहिली, तीच सोडतानाही हवी. नाहीतर स्टॅटिक टेबलावरच केफ्री (मेमरी सोडणारं फंक्शन) चालेल.

आता डेटा पॉइंटर. ताज्या कॉपीतले सगळे पॉइंटर अजून इनिट_नेटच्याच किमतींकडे जात असतात. ते टेबल[0], टेबल[1] असे आकडे टाकून बदलू नका. उद्या कुणी मध्येच एक ओळ घातली की पुढचं सगळं सरकतं, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. आयपीव्ही4 च्या कोडमधली युक्ती मला फार आवडते: नव्या नेटच्या पत्त्यातून इनिट_नेटचा पत्ता वजा करायचा आणि तो फरक लूपमध्ये प्रत्येक पॉइंटरमध्ये मिळवायचा. मात्र ती किंमत स्ट्रक्ट नेटच्या (एका नेमस्पेसची माहिती ठेवणाऱ्या रचनेच्या) आतच असली पाहिजे. एखादी ओळ बाहेरच्या ग्लोबल व्हेरिएबलकडे जात असेल तर लूपमध्ये ती वगळा.

टेबलाची लांबी ॲरे_साइझने (ओळी मोजणाऱ्या मॅक्रोने) द्या. नोंदणी फसली तर कॉपी तिथेच सोडा.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नेमस्पेस बंद होतानाची. नोंदणी करताना मिळालेल्या हेडरमधून टेबलाचा पत्ता आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, मग नोंद काढा, आणि शेवटी केफ्री. नोंद काढणारं फंक्शन चालू असलेलं वाचन-लेखन संपेपर्यंत थांबतं, आणि हेडरही तिथेच जातो. म्हणून पत्ता आधी घ्यायचा. माझ्या हातून एकदा केफ्री आधी पडलं होतं. नेहमीच्या कर्नेलवर सगळं सुरळीत दिसत होतं. केएसॅन (KASAN, सोडलेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन) लावल्यावर लगेच पकडलं गेलं, कारण नोंद काढतानाही कर्नेल टेबलातली नावं वाचतं.

म्हणून पॅच पाठवण्याआधी केएसॅन आणि केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारं साधन) दोन्ही चालू ठेवून हजारेक नेमस्पेस लूपमध्ये बनवा आणि मोडा. नंतर डीबगएफएस या डीबगिंगसाठीच्या फाइलसिस्टीममधल्या केमेमलीक फाइलमध्ये 'स्कॅन' लिहा, थोडं थांबून पुन्हा लिहा, आणि तीच फाइल वाचा. यादीत केमेमडप दिसलं, तर त्याखालच्या स्टॅक ट्रेसमध्ये तुमचं इनिट फंक्शन सापडतं का ते बघा.